विश्लेषण : जपानमध्ये सरस्वतीची पूजा खरेच होते का? दहिसरच्या लेण्यापासून मियाजिमा बेटापर्यंतची गोष्ट

दहिसर पूर्वेहून मेट्रो २ अ पकडली की आनंदनगर, कांदरपाडा आणि मग येते मंडपेश्वर. स्थानकाचे नाव रोज कानावर पडते, पण ज्या लेण्यावरून ते पडले तिथे उतरून जाणारे थोडेच. सहाव्या शतकाच्या आसपास खोदलेले हे शैव लेणे. आत नृत्य करणारा शिव आहे, गणपती आहे. सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी या लेण्याचे चर्च केले आणि वर मोठी वास्तू उभारली. तिच्या पडक्या भिंती आजही लेण्याच्या माथ्यावर दिसतात. एका ठिकाणी जुने शिल्प तासून क्रूस कोरला गेला. मराठ्यांनी १७३७ मध्ये साष्टी आणि १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर इथे पुन्हा शंकराची पूजा सुरू झाली. इंग्रजांच्या काळात पुन्हा ख्रिस्ती उपासना आली. आता पाटी आहे ती भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची, आणि महाशिवरात्रीला भाविकांची रांग लागते.

राज्य बदलले की देवळावरची पाटी बदलते, हे दहिसर-बोरिवलीकरांच्या घराजवळच घडून गेले आहे. जपानमध्ये हेच १८६८ मध्ये देशभर आणि तेही एका सरकारी आदेशाने घडले. त्या आदेशाच्या तडाख्यात सापडलेल्या देवतांमध्ये एक आपल्या चांगल्याच ओळखीची होती : सरस्वती.

वसंत पंचमी किंवा गणेशोत्सव जवळ आला की ‘जपानमध्येही आपल्याच देवांची पूजा होते’ असे मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर फिरू लागतात. सोबत समुद्रात उभ्या असलेल्या लालभडक कमानीचा फोटो असतो. मेसेजमधले काही खरे आहे, काही ओढूनताणून जुळवलेले आहे आणि जे सर्वात रंजक आहे ते बहुधा त्यात नसतेच.

आधी शिंतो म्हणजे काय?

फोटोतली लाल कमान म्हणजे ‘तोरी’. शिंतो देवस्थानाची हद्द इथून सुरू होते, एवढे सांगण्यासाठी ती असते. तिचा संबंध आपल्या तोरणाशी, सांचीच्या स्तूपासमोरच्या कमानींशी जोडला जातो. दिसायला साम्य आहे, नावातही आहे. पण तो अभ्यासकांमधला वाद आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही. ‘पक्ष्यांची बसायची जागा’ अशीही या शब्दाची एक फोड सांगितली जाते.

शिंतोला संस्थापक नाही. बायबल किंवा कुराणासारखा एक धर्मग्रंथ नाही. आहेत ते ‘कामी’. या शब्दाचे भाषांतर आपण ‘देव’ असे करतो, पण ते अपुरे पडते. अठराव्या शतकातले विद्वान मोतोओरी नोरिनागा यांच्या मते, जे जे असामान्य आहे, ज्याच्यापुढे माणूस आपोआप दबकतो, ते कामी. मग तो डोंगर असेल, समुद्र असेल, म्हातारे झाड असेल, वाघ-लांडगा असेल किंवा एखादा मेलेला माणूसही असेल. जुन्या झाडाच्या बुंध्याला भाताच्या काडाचा जाड दोर बांधलेला दिसला की समजायचे, इथे कामी आहे.

हे समजायला दहिसरकराला फार लांब जावे लागत नाही. पूर्वेकडे वस्ती संपते तिथे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे जंगल सुरू होते. तिथल्या आणि आरेतल्या वारली पाड्यांमध्ये वाघोबा पुजला जातो. वाघोबाला संस्थापक नाही, पोथी नाही. जंगलात राहायचे तर त्या जंगलाच्या धन्याशी नीट वागायचे, हा साधा व्यवहार आहे. शेंदूर फासलेला दगड आणि दोर बांधलेले झाड यांचा इतिहास वेगळा आहे, दोघांमध्ये देवाणघेवाण झाल्याचा पुरावा नाही. पण शिंतो ‘कळायला’ मंत्र-यज्ञाच्या हिंदू धर्मापेक्षा गावदेवी आणि वाघोबा जास्त उपयोगी पडतात.

जपानमध्ये अशी सुमारे ८० हजार देवस्थाने आहेत. बहुतेक ठिकाणी गाभाऱ्यात मूर्ती नसते. असतो एखादा आरसा, तलवार किंवा दगड, आणि तोही झाकलेला. भाविक आत येताना दगडी कुंडावर लाकडी पळीने हात धुतो, चूळ भरतो. मग पेटीत नाणे टाकायचे, दोनदा वाकायचे, दोनदा टाळी वाजवायची, मागायचे ते मागायचे आणि पुन्हा एकदा वाकायचे. सगळे एका मिनिटात आटोपते.

गुहेत लपलेला सूर्य

जपानी देवांच्या कथा ‘कोजिकी’ (इ.स. ७१२) आणि ‘निहोन शोकी’ (इ.स. ७२०) या दोन ग्रंथांत लिहून ठेवल्या गेल्या. सुरुवात होते इझानागी आणि इझानामी या जोडप्यापासून. दोघांनी जपानची बेटे जन्माला घातली. अग्निदेवाला जन्म देताना इझानामी भाजून मेली. नवरा तिला आणायला पाताळात गेला, पण तिने तिथले अन्न खाल्ले होते आणि तिचे शरीर सडू लागले होते. तो घाबरून पळाला. बाहेर येऊन नदीत आंघोळ केली तेव्हा डाव्या डोळ्यातून सूर्यदेवी अमातेरासू, उजव्यातून चंद्रदेव त्सुकुयोमी आणि नाकातून वादळी स्वभावाचा सुसानोओ जन्मला.

जपानचा सूर्य बाई आहे, हे इथे लक्षात ठेवायचे. ‘अमातेरासू म्हणजे आपला सूर्यनारायण’ हे मेसेजमधले वाक्य तिथेच अडखळते.

सुसानोओने बहिणीच्या राज्यात धुडगूस घातला. भातशेतीचे बांध फोडले, पाट बुजवले. चिडलेली अमातेरासू एका गुहेत जाऊन बसली आणि तोंडावर दगड लावून घेतला. जग अंधारले. विनवण्या करून ती येईना, तेव्हा देवांनी गुहेसमोर तमाशा मांडला. उझुमे नावाच्या देवीने पालथ्या घातलेल्या टबवर उभे राहून असा काही नाच केला की ऐंशी लाख, म्हणजे जपानी बोलीत ‘असंख्य’, देव खदाखदा हसले. आपण नसताना एवढी मजा कसली, हे पाहायला अमातेरासूने दगड जरासा सरकवला. समोर आरसा धरलेला होता. त्यातला उजेड पाहून ती आणखी पुढे आली आणि एका बलदंड देवाने तिचा हात धरून तिला बाहेर ओढले.

तो आरसा इसे इथल्या मुख्य देवस्थानात आहे, अशी श्रद्धा आहे. इसेचे लाकडी देऊळ दर २० वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर जसेच्या तसे नव्याने बांधतात आणि देवीला तिकडे हलवतात. पहिल्यांदा हे इ.स. ६९० मध्ये झाले. मधल्या यादवी युद्धांच्या काळात खंड पडला, पण क्रम सुटला नाही. शेवटचे, ६२ वे स्थलांतर २०१३ मध्ये झाले, पुढचे २०३३ मध्ये आहे. म्हणजे देऊळ तेराशे वर्षे जुने आणि त्याचे लाकूड कधीच वीस वर्षांपेक्षा फार जुने नाही. सुताराला एका आयुष्यात दोनतीनदा तेच काम करता येते. आधी शिकाऊ म्हणून, मग मुख्य कारागीर म्हणून. कौशल्य टिकवायची याहून पक्की पद्धत सापडणे कठीण.

हाकलून दिलेला सुसानोओ पुढे इझुमो प्रांतात गेला आणि तिथे त्याने दरवर्षी एक मुलगी गिळणाऱ्या आठ तोंडांच्या सापाला मारले. आठ पिंपे दारू ठेवली, आठही तोंडे पिऊन झिंगली, मग तलवार चालवली. हा साप म्हणजे तिथली दरवर्षी पूर येऊन शेत गिळणारी हिइ नदी, असा अर्थ अनेक अभ्यासक लावतात. २६ जुलै २००५ ला दहिसर नदीचे पाणी घरात शिरलेले ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

मग सरस्वती कुठून आली?

ती शिंतोतून आली नाही. ती बौद्ध धर्माच्या पोथीत बसून आली.

‘सुवर्णप्रभास सूत्र’ या संस्कृत बौद्ध ग्रंथात सरस्वतीवर स्वतंत्र प्रकरण आहे. जो हे सूत्र वाचेल त्याला ती वाणी देईल आणि जो राजा त्याचा मान राखेल त्याच्या राज्याचे रक्षण करील, असे आश्वासन त्यात आहे. नालंदात शिकून गेलेला चिनी भिक्षू यिजिंग याने इ.स. ७०३ मध्ये त्याचे चिनी भाषांतर पूर्ण केले. ते जपानला पोहोचले. ७४१ मध्ये सम्राट शोमूने प्रत्येक प्रांतात देवालय बांधून हे सूत्र म्हणण्याचा हुकूम काढला. देशात देवीची साथ पसरून गेली होती, बंड झाले होते. त्याला रक्षण करणारे देव हवे होते. त्यामुळे जपानमधली जुनी सरस्वती वीणा घेऊन बसलेली नाही. नारा शहरातल्या तोदाइजी मंदिरात आठव्या शतकातली तिची मातीची मूर्ती आहे. ती उभी आहे, तिला आठ हात आहेत आणि ते शस्त्रांसाठी आहेत.

याच तोदाइजीतल्या भव्य बुद्धमूर्तीचे डोळे उघडण्याचा विधी ७५२ मध्ये झाला तो बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूच्या हातून. तो ७३६ मध्ये समुद्रमार्गे जपानला आला होता. तेव्हा ही ये-जा कल्पनेतली नव्हती.

चिनी लिपीत सरस्वतीचे नाव लिहिले गेले ते तीन अक्षरांत : वाणी, प्रतिभा, देव. जपानी उच्चार ‘बेन्झाइतेन’. शेवटचे ‘तेन’ लक्षात ठेवले की जपानमध्ये कुठेही भारतातून गेलेला देव ओळखता येतो, कारण संस्कृत ‘देव’ शब्दासाठी हेच अक्षर वापरले गेले. गंमत मधल्या अक्षराची झाली. ‘प्रतिभा’ आणि ‘संपत्ती’ या दोन्ही शब्दांचा उच्चार ‘झाइ’. पुढे लोक संपत्तीचे अक्षर लिहू लागले आणि विद्येची देवी पैशाचीही देवी झाली. कामाकुरा शहरात एका डोंगरातल्या गुहेत झरा आहे. तिथल्या ‘झेनिआराइ बेन्तेन’ देवस्थानात भाविक वेताच्या छोट्या टोपलीत नाणी घेऊन झऱ्याच्या पाण्यात धुतात. नोटासुद्धा भिजवतात आणि मग वाळवत बसतात. धुतलेला पैसा दुप्पट होऊन येतो अशी श्रद्धा आहे. आपल्याकडे लक्ष्मी-सरस्वती एकत्र नांदत नाहीत म्हणतात. तिथे एका उच्चाराने दोघींचे काम एकीकडे आले.

नाव बदलले, काम बदलले, पण एक गोष्ट सुटली नाही. सरस्वती मुळात नदी आहे. जपानमध्ये बेन्झाइतेनची जागा जवळजवळ नेहमी पाण्यापाशी असते. तिची सर्वात मानाची मानली जाणारी तीनही ठिकाणे बेटे आहेत : हिरोशिमाजवळचे इत्सुकुशिमा ऊर्फ मियाजिमा, टोकियोच्या दक्षिणेला एनोशिमा आणि बिवा सरोवरातले चिकुबुशिमा. हातातली शस्त्रे पुढे गेली आणि ‘बिवा’ हे तंतुवाद्य आले. दूत मात्र हंस किंवा मोर नाही, पांढरा साप.

मियाजिमा बेटावर ती पोहोचली तेव्हा जागा रिकामी नव्हती. तिथे आधीपासून इचिकिशिमाहिमे होती, सुसानोओच्या तलवारीतून जन्मलेल्या तीन समुद्रदेवींपैकी एक. दोघी पाण्याच्या, दोघी स्त्रिया. मध्ययुगीन जपानने त्यांना एकच मानले. हे गुपचूप झालेले नाही. बुद्ध-बोधिसत्त्व हे मूळ रूप आणि स्थानिक कामी हा त्यांचा जपानी अवतार, असा रीतसर सिद्धान्तच होता. अवतार ही कल्पना आपल्याला नवी नाही. देवस्थानाच्या आवारात पॅगोडा असायचा, भिक्षू कामीपुढे सूत्रे म्हणायचे. सरदार ताइरा नो कियोमोरी याने ११६८ च्या सुमारास पाण्यावर उभे असलेले आजचे देवस्थान उभारले, तेव्हा ‘हे शिंतो की बौद्ध’ असा प्रश्न कुणी विचारला नसता.

सोपाऱ्याच्या वाटेने क्योटोला

सरस्वती एकटी नाही. क्योटोमध्ये जुलै महिनाभर चालणारा गिओन उत्सव जपानमधला सर्वात नावाजलेला. त्याचे मूळ ८६९ च्या साथीत आहे. रोग घालवण्यासाठी तेव्हा ६६ भाले उभारून मिरवणूक काढली गेली. ‘गिओन’ हा शब्द येतो ‘जेतवन’ या शब्दाच्या चिनी भाषांतरातून. जेतवन म्हणजे श्रावस्तीतला तो बाग, जो अनाथपिंडिकाने बुद्धाला दिला. त्या बागेचा रक्षक मानला गेलेला गोझू तेन्नो हा बैलमुखी देव क्योटोच्या देवस्थानात होता आणि पुढे तो म्हणजेच सुसानोओ, असे ठरले.

दहिसरहून विरार लोकल पकडली तर मध्ये नालासोपारा लागते. प्राचीन शूर्पारक. बौद्ध कथांमधला पूर्ण हा इथला व्यापारी. जहाजावर श्रावस्तीच्या व्यापाऱ्यांच्या तोंडून बुद्धाचे नाव ऐकून तो श्रावस्तीला गेला, अनाथपिंडिकाला भेटला आणि भिक्षू झाला. क्योटोचा उत्सव ज्या बागेचे नाव घेऊन चालतो, त्या बागेची वाट सोपाऱ्याच्या कथेत आहे. या उत्सवाच्या रथांवर जगभरातले जुने गालिचे सजवतात. त्यातले काही सतराव्या-अठराव्या शतकात दख्खनमध्ये विणले गेले, असे वस्त्र-अभ्यासकांचे मत आहे.

आणखी जवळचा दुवा राष्ट्रीय उद्यानातच आहे. कान्हेरीच्या ४१ क्रमांकाच्या लेण्यात अकरा मुखांचा अवलोकितेश्वर कोरलेला आहे. भारतात असे शिल्प अत्यंत दुर्मीळ. जपानमध्ये हीच देवता ‘जुइचिमेन कान्नोन’, म्हणजे अकरामुखी कान्नोन, या नावाने मंदिरामंदिरांत भेटते. कान्हेरीहून कुणी ती मूर्ती डोक्यात घेऊन निघाला असे म्हणता येत नाही. पण ती ज्या परंपरेची आहे, त्या परंपरेचे एक टोक बोरिवलीच्या बसने गाठता येते.

महाकालाचे तर रूपच पालटले. ‘महा’ आणि ‘काल’ यांचे शब्दशः भाषांतर ‘मोठा काळा’, जपानीत ‘दाइकोकु’. इझुमोचा कामी ओकुनिनुशी याच्या नावातल्या ‘महान देश’ या अक्षरांचाही उच्चार ‘दाइकोकु’ होतो. पुन्हा उच्चाराने घोळ केला, दोघे एक झाले आणि स्मशानातला उग्र देव तांदळाच्या पोत्यांवर बसलेला, हातात इच्छापूर्तीची हातोडी घेतलेला गोलमटोल हसरा शेठ झाला. त्याच्यासोबत उंदीर असतो. उंदराचा मूळ धनी मात्र तिथे लपून आहे. गणपती, म्हणजे ‘कांगितेन’, हा मिठीतल्या दोन गजमुखी आकृतींच्या रूपात असतो आणि त्याची मूर्ती भाविकांना दाखवत नाहीत. टोकियोत असाकुसाजवळच्या मात्सुचियामा शोदेन मंदिरात त्याला पांढरे मुळे वाहतात. दहा दिवस मंडपात, रोषणाईत बसवायची सवय असलेल्या मुंबईकराला हा बंद दाराआडचा बाप्पा चमत्कारिक वाटेल. तो बौद्ध मंदिरात आहे, शिंतो देवस्थानात नाही. मेसेजमध्ये ही सरमिसळ हमखास असते.

१८६८ मध्ये काय झाले?

शोगुनची सत्ता गेली, सम्राट मेइजी गादीवर आला. नव्या सरकारला सगळा देश एका सम्राटाभोवती बांधायचा होता आणि सम्राट अमातेरासूचा वंशज मानला जात होता. मग तिच्या देवस्थानांत परदेशी बुद्ध आणि परदेशी ‘तेन’ कशाला? १८६८ च्या वसंतात आदेश निघाले : कामी आणि बुद्ध वेगळे करा. देवस्थानातली बौद्ध नावे, मूर्ती, घंटा, ग्रंथ काढा. भिक्षूंनी वेश बदलून शिंतो पुजारी व्हावे किंवा जावे.

आदेश वेगळे करण्याचा होता, फोडण्याचा नव्हता. पण अनेक ठिकाणी जमावाने आणि स्थानिक अधिकाऱ्यांनी तो फोडण्याचा म्हणूनच वाचला. मूर्तींची डोकी उडवली गेली, ग्रंथ जाळले गेले. कामाकुराच्या त्सुरुगाओका हाचिमानगू देवस्थानाच्या आवारातल्या बौद्ध इमारती १८७० मध्ये पाडून टाकल्या. नाराच्या कोफुकुजी मंदिराचे भिक्षू शेजारच्या कासुगा देवस्थानाचे पुजारी झाले आणि मंदिर काही काळ ओस पडले. क्योटोतल्या ‘गिओन’ देवस्थानाचे नाव बदलून ‘यासाका’ झाले. गोझू तेन्नो गेला, सुसानोओ राहिला. उत्सवाचे नाव मात्र लोकांच्या तोंडून काढता आले नाही, तो आजही गिओनच आहे.

बेन्झाइतेनची अडचण सगळ्यात मोठी होती. ती बौद्ध पोथीतून आलेली, भारतीय वंशाची, पण हजार वर्षे कामी म्हणून पुजली गेलेली. तिला कुठल्या खात्यात घालायचे? उत्तर प्रत्येक बेटावर वेगळे निघाले. चिकुबुशिमावर एकाचे दोन झाले, बौद्ध होगोनजी मंदिर आणि शिंतो त्सुकुबुसुमा देवस्थान. एनोशिमाचे बौद्ध रूप पुसून देवस्थान केले गेले आणि अधिकृत देवता त्या तीन समुद्रदेवी झाल्या. पण बेन्झाइतेनच्या मूर्ती आज त्याच आवारातल्या अष्टकोनी दालनात आहेत. मियाजिमावर इचिकिशिमाहिमे राहिली आणि बेन्झाइतेनला मुक्काम हलवावा लागला. देवस्थानाच्या आवारातला पाचमजली पॅगोडा तेवढा उभा आहे. शिंतो जागेत बौद्ध पॅगोडा काय करतो, असा प्रश्न पर्यटकाला पडतो तो यामुळे.

झाडांवरही कुऱ्हाड पडली

सरकारचे एवढ्यावर भागले नाही. १९०६ पासून ‘एका गावाला एक देवस्थान’ हे धोरण आले. छोटी देवळे मोठ्यात विलीन करायची, म्हणजे खर्च वाचेल आणि नियंत्रण सोपे होईल. काही वर्षांत सुमारे ७० हजार देवस्थाने बंद झाली. देऊळ गेले की त्याभोवतीची राई राखायचे कारणही जाते. शेकडो वर्षे न तोडलेली झाडे लाकडाच्या व्यापाऱ्यांना विकली गेली.

याविरुद्ध उभा राहिला एक शास्त्रज्ञ. मिनाकाता कुमागुसु हा बुरशीसारख्या दिसणाऱ्या श्लेष्म-कवकांचा अभ्यासक, लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये वर्षानुवर्षे वाचन करून मायदेशी परतलेला. आपल्या तानाबे गावाभोवतीच्या देवरायांतच त्याला नव्या प्रजाती सापडत होत्या. त्याने वर्तमानपत्रांतून लिहिले, अधिकाऱ्यांना पत्रे पाठवली, १९१० मध्ये गोंधळ घातल्याबद्दल काही दिवस कोठडीतही राहिला. राई तोडली की पक्षी जातात, पक्षी गेले की शेतात कीड वाढते, आणि गावाला एकत्र यायची जागा उरत नाही, असे त्याचे साधे म्हणणे होते. काही राया त्याच्यामुळे वाचल्या. महाराष्ट्रात वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात देवरायांची नोंद सुरू केली, तेव्हा त्यांनाही हेच दिसले : देवाच्या भीतीने राखलेल्या तुकड्यांत अशा वनस्पती शिल्लक होत्या, ज्या भोवतालच्या डोंगरांवरून नाहीशा झाल्या होत्या.

दुसऱ्या महायुद्धात जपान हरल्यावर डिसेंबर १९४५ मध्ये अमेरिकी प्रशासनाने शिंतो आणि सरकार यांची ताटातूट केली. देवस्थाने खासगी धार्मिक संस्था झाली. पण १८६८ ची बुद्ध आणि कामी यांच्यातली रेघ कायम राहिली. ती कागदावर अधिक आहे. बहुतेक जपानी कुटुंबे बाळाला शिंतो देवस्थानात नेतात आणि माणूस गेला की बौद्ध भिक्षूला बोलावतात. त्या वेळी थडग्यामागे लावल्या जाणाऱ्या लाकडी पट्टीवर सिद्धम् अक्षरे असतात. ही लिपी ब्राह्मीच्या कुळातली, म्हणजे देवनागरीची लांबची बहीण.

मग मेसेज खरा की खोटा?

जपानमध्ये सरस्वतीची पूजा होते, हे खरे. पण करणारा तिला सरस्वती म्हणत नाही आणि स्वतःला हिंदूही मानत नाही. अमातेरासू, सुसानोओ, इझानागी यांची मुळे भारतात शोधायला जाऊ नये, ते तिथलेच आहेत. लाल तोरी दिसली म्हणजे आत सरस्वती असेल असेही नाही. आत भात पिकवणारा इनारी असेल, दगड असेल किंवा मागचा अख्खा डोंगरच देव असेल. मुंबईत ‘जपानी देऊळ’ म्हणून लोक वरळीचे निप्पोनझान म्योहोजी दाखवतात, तेही बौद्ध आहे, शिंतो नव्हे.

दहिसर नदी तुळशी तलावाच्या परिसरात उगम पावते आणि सुमारे १२ किलोमीटर वाहून मनोरीच्या खाडीला मिळते. एकेकाळी ती मंडपेश्वरच्या लेण्याला लागून वाहायची, असे सांगतात. आता तिथे पाणी नाही. कामाकुरासारखी नोट धुवायची हौस असेल तर उद्यानाच्या आतला, वस्तीच्या वरचा भाग गाठावा लागेल, आणि तिथे पाण्यात उतरायला वनखाते देणार नाही.

मियाजिमाला जाणाऱ्यांसाठी एक टीप. पाण्यावरचे देवस्थान पाहून बाहेर पडलात की जवळच दाइगानजी नावाचे छोटे बौद्ध मंदिर लागते. बहुतेक पर्यटक कमानीचा फोटो काढून फेरीबोटीकडे वळतात. १८६८ नंतर हलवलेली बेन्झाइतेन तिथे आहे. तिचे दार वर्षातून एकदाच, १७ जूनला उघडते.